गोव्यात छोटा धंदा सुरू करताय? पहिल्या वर्षी एवढं लावून घ्या

पेडण्यात दोन खोल्यांचं होमस्टे, डिचोलीत गॅरेज, फोंड्यात मोबाइल दुरुस्ती, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घरगुती मसाले. गोव्यात नवा धंदा काढणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: कर्ज कुठे मिळेल? प्रश्न योग्य आहे, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो. भरपूर भांडवल घालून दोन वर्षांत शटर ओढलेली दुकानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. एका शिलाई मशीनवर सुरू झालेल्या कामावर अख्खं घर उभं राहिलेलंही पाहिलंय. मालक धंद्याकडे कसा बघतो आणि तो रोज कसा चालवतो, यावर बरंचसं ठरतं.

छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यातून माझं एक ठाम मत झालंय. वृत्ती आणि व्यवस्थापन ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. मालकाची वृत्ती रात्री दुकान बंद करताना तो काय लिहितो, त्यात दिसते.

यामागे नुसता अनुभव नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या राजधानीत, लोमे शहरात, १,५०० छोट्या धंदेवाल्यांवर एक प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ५०० जणांना नेहमीचं शिक्षण दिलं: हिशेब, विक्री, पैशांचं नियोजन. दुसऱ्या ५०० जणांना पुढाकार घ्यायला शिकवलं, म्हणजे पुढचं आधी ओळखणं, शेजारच्यापेक्षा वेगळं काही करून बघणं, अडचण येणार हे धरून चालणं. उरलेल्या ५०० जणांना काहीच शिकवलं नाही. पुढच्या दोन वर्षांत पुढाकार शिकलेल्यांचा नफा काहीच न शिकलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होता. फक्त हिशेब-विक्री शिकलेल्यांचा ११ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि तो फरकही खात्रीने सांगण्याइतका पक्का नव्हता.

दुसरा प्रयोग आपल्या जवळचा. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगाव भागातले १७ कापड उद्योग निवडले. काही कारखान्यांना अनुभवी सल्लागार दिले. सल्लागारांनी नवी यंत्रं आणली नाहीत. गोदामातल्या सुताची नोंद ठेवायला लावली, बिघाड लिहायला लावले, जमिनीवर पडलेली हत्यारं जागेवर लावून घेतली, रोज आदल्या दिवसाच्या खोटींवर बोलायची सवय लावली. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. माल लिहून ठेवायला हवा हे मालकाला पटणं, हाच तिथला वृत्तीतला बदल होता.

आता आपल्याकडे काय करायचं ते बघू.

१. बारा महिन्यांचा कागद

दुकानाच्या नावाची पाटी करायच्या आधी एक मोठा कागद घ्या आणि त्यावर बारा महिने लिहा. गोव्यातला धंदा बाराही महिने सारखा चालत नाही. ऑक्टोबरपासून पर्यटक वाढतात, डिसेंबर-जानेवारीत गर्दी शिगेला पोचते, मार्चनंतर ओसरते. जूनमध्ये पाऊस लागला की किनाऱ्यावरचे शॅक बंद. पण त्याच गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी असते: सुकी मिरची, सुकी मासळी, आमसुलं, तांदूळ. नंतर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी येते आणि माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीच्या, सामानापासून फराळापर्यंत सगळ्याला मागणी असते. गावोगावच्या जत्रा, शिगमो, लग्नाचे मुहूर्त हे वेगळेच.

प्रत्येक महिन्यासमोर तीन गोष्टी लिहा. किती विक्री होईल, माल केव्हा भरावा लागेल, आणि त्या महिन्यात नेमकं काय अडेल. तिसरा रकाना बहुतेक लोक सोडतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. पावसात वीज जाते, तर फ्रीजमधल्या मालाचं काय? चवथीला गावचे कामगार सुट्टीवर जाणार, तर ऐन मागणीच्या आठवड्यात कोण उभं राहणार? अडचणीचं उत्तर आज सापडलं नाही तरी चालेल, पण अडचण लिहिलेली असू द्या.

तुमचा धंदा पर्यटकांवर आहे की गावच्या गिऱ्हाइकावर, हेही त्याच कागदावर ठरवा. मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली आणि पेडण्यात कितीतरी जणांनी खोल्या, गाड्या, खानावळी काढल्या. चांगलंच आहे. पण पर्यटक एकदा येऊन जातो, वाड्यावरचं गिऱ्हाईक वर्षभर येतं. दोघांना एकच भाव, एकच माल आणि एकच दुकानाची वेळ लावून चालत नाही.

२. घर वेगळं, गल्ला वेगळा

गल्ल्यातून मुलाची फी भरली, सासूचं औषध आणलं, संध्याकाळी मासे घेतले, आणि महिनाअखेरीस धंदा चालतोय की नाही तेच कळेना. छोट्या धंद्यात हे घरोघरी घडतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण हे पहिल्याच महिन्यात थांबवा.

बँकेत धंद्यासाठी वेगळं खातं उघडा. काउंटरवरचा क्यूआर कोड त्याच खात्याचा हवा, थोरल्या मुलाच्या खात्याचा नको. मग स्वतःला पगार ठरवा. सुरुवातीला तो आठ हजार असला तरी हरकत नाही, पण तो ठरलेल्या तारखेला धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात जाऊ द्या, आणि मधल्या काळात गल्ल्याला हात लावू नका. ज्या महिन्यात हा पगार निघत नाही, त्या महिन्यात धंदा तुमची मेहनत फुकट वापरतोय एवढं तरी उघड होतं.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे आणि तो नवख्यांना कुणी समजावून सांगत नाही. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते. घर किंवा जमीन तारण ठेवायची तर दोघांची संमती लागते. आयकरातही त्यासाठी खास तरतूद आहे (१९६१ च्या कायद्यात ती कलम ५अ म्हणून होती). त्यानुसार पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरलं जातं, आणि त्यात धंद्याचा नफाही येतो. म्हणजे दुकान एकट्या नवऱ्याच्या किंवा एकट्या बायकोच्या नावावर असलं तरी नफ्याचा निम्मा भाग दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो.

त्यामुळे दोन कामं करा. एक, रिटर्न भरून देणाऱ्याला ही तरतूद ठाऊक आहे ना, ते विचारा. दूर कुठेतरी बसून ऑनलाइन रिटर्न भरणाऱ्यांना ती माहीत असेलच असं नाही. दोन, धंद्याचे आकडे जोडीदारापासून लपवू नका. कायद्यानेच नफा दोघांचा केलाय, तर कर्ज किती, उधारी किती, हेही दोघांना माहीत असायला हवं. ज्या घरात बायकोला दुकानाची वही वाचता येते, ते घर नवऱ्याच्या आजारपणातही दुकान उघडं ठेवू शकतं. हे मी खूप जवळून पाहिलंय.

३. रात्रीची दहा मिनिटं

साधी शंभर पानी वही पुरे. मोबाइलवरचं ॲप चांगलं वाटत असेल तर तेही चालेल, पण पहिले तीन महिने हाताने लिहा. हाताने लिहिलेला आकडा डोक्यात राहतो.

रोज बंद करताना एवढं लिहायचं: सकाळी गल्ल्यात किती होते, रोख विक्री, मोबाइलवरून आलेले पैसे, आज दिलेली उधारी, आज वसूल झालेली उधारी, आजचा खर्च, आणि आता गल्ल्यात प्रत्यक्ष किती आहेत. सकाळच्या रकमेत रोख विक्री आणि रोख वसुली मिळवा, रोख खर्च वजा करा. येणारा आकडा आणि गल्ल्यातली रक्कम जुळायला हवी. नाही जुळली तर शेवटच्या रकान्यात फरक लिहा. वीस रुपयांचा असला तरी लिहा, आणि तो जुळवून टाकण्यासाठी कुठलाही आकडा बदलू नका. महिनाभर हा रकाना पाहिला की कुठून गळती आहे ते दिसतं. कधी कुणीतरी चहाचे पैसे सांगितलेले नसतात, कधी सुट्ट्याचा घोळ असतो, कधी एखादा माल दोन वेगवेगळ्या भावांनी विकला जात असतो.

रोख आणि मोबाइलचे पैसे वेगळे लिहिणं फार गरजेचं आहे. मोबाइलवर आलेला पैसा हाताला लागत नाही, म्हणून पुष्कळ दुकानदार तो धरतच नाहीत, आणि मग खात्यात आहेत म्हणून खर्च करत सुटतात.

४. भाव ठरवण्याआधी खर्च मांडा

इथे जरा थांबू, कारण मेहनत करूनही हाती काही लागत नाही अशी तक्रार करणाऱ्या दहा जणांपैकी बहुतेकांचं दुखणं इथे असतं.

समजा, डिचोलीतली एक ताई चवथीसाठी नेवऱ्या, म्हणजे करंज्या करून विकते. एका घाण्यात २०० नेवऱ्या, दहाचं एक पाकीट, म्हणजे २० पाकिटं. मैदा, रवा, खोबरं, साखर, वेलची आणि तेल मिळून ९०० रुपये. ती सरळ भागाकार करते: ९०० भागिले २०, म्हणजे पाकिटाला ४५ रुपये. बाजारात शेजारची १०० ला देते, म्हणून हीसुद्धा १०० ला देते आणि पाकिटामागे ५५ रुपये सुटले असं धरते.

आता सगळा खर्च मांडू. सामान ९००. गॅस १२०. पिशव्या आणि लेबल १००. लाटायला बोलावलेल्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी ४००. ताईचे स्वतःचे सहा तास, तासाला १०० रुपये धरले तर ६००. म्हापशाला माल नेऊन परत यायचं पेट्रोल १००. वीज, मिक्सरची झीज आणि नोंदणीचा खर्च यांचा वाटा ६०. बेरीज २,२८०. शिवाय तळताना फुटलेल्या, करपलेल्या दहा नेवऱ्या गेल्या, म्हणजे विकायला १९ पाकिटं उरली. २,२८० भागिले १९, म्हणजे पाकिटाला १२० रुपये.

१०० ला विकून तिच्या हाती १,९०० येतात. स्वतःची मजुरी सोडून बाकीचा खर्च १,६८० आहे. सहा तास चुलीपुढे उभं राहून तिला मिळाले २२० रुपये, तासाला ३७ सुद्धा नाहीत. लाटायला आलेल्या बाईला मालकिणीपेक्षा जास्त मिळालं.

आणि दुकानदाराकडे ठेवायला दिलं तर? तो विक्रीवर २० टक्के घेत असेल, तर १२० हाती यायला पाकिटाची किंमत १५० हवी. त्यात अजून नफा धरलेलाच नाही, ही नुसती लागत झाली.

एवढं कळल्यावर ताईपुढे रस्ते उघडतात. मोठा घाणा करून मजुरी आणि पेट्रोल जास्त पाकिटांवर वाटून टाकता येईल. शेजारणीचा आणि आपला माल एकाच फेरीत बाजारात नेता येईल. शुद्ध तुपातल्या नेवऱ्यांचं वेगळं, महाग पाकीट काढता येईल. आगाऊ ऑर्डर घेऊन दुकानदाराची टक्केवारी वाचवता येईल. यातला कुठला घ्यायचा ते तिने ठरवायचं, पण शेजारणीचा भाव बघून आपला भाव ठरवायचं बंद व्हायला हवं. शेजारणीचा खर्च आपल्याला कुठे ठाऊक असतो?

गॅरेजवाल्याने, शिवणकाम करणाऱ्याने, खोल्या देणाऱ्यानेही हेच करायचं. सेवेत तर आपला वेळ हाच मुख्य खर्च, आणि तोच सर्वांत आधी विसरला जातो. होमस्टे असेल तर चादरी धुणं, सफाई, बुकिंग साइटची टक्केवारी आणि रिकाम्या रात्री हे सगळं भाड्यात बसलं पाहिजे.

५. पावसाचे महिने सीझनमध्येच कमवून ठेवायचे

महिन्याचा बांधील खर्च काढा: भाडं, पगार, कर्जाचा हप्ता, वीज. विक्री शून्य झाली तरी जो खर्च थांबत नाही, तो हा. समजा तो ४०,००० आहे आणि जून ते सप्टेंबर जवळजवळ काहीच येणार नाही. चार महिन्यांचे १,६०,००० आधीच बाजूला हवेत. सरळ आठाने भागून महिन्याला २०,००० ठेवता येतील, पण गोव्यात सगळे महिने सारखे नसतात, म्हणून असं वाटून घ्या: ऑक्टोबरात १५,०००, नोव्हेंबरात २०,०००, डिसेंबरात ३५,०००, जानेवारीत ३०,०००, फेब्रुवारीत २०,०००, मार्चमध्ये १५,०००, एप्रिलमध्ये १०,००० आणि मेमध्ये १५,०००.

हे पैसे वेगळ्या खात्यात. पतसंस्थेच्या पिग्मीत रोज थोडे टाकलेत तरी उत्तम, कारण गोळा करणारा दारात येतो आणि टाळाटाळ होत नाही. डिसेंबरात गल्ला भरलेला दिसला की नवी गाडी, नवा फ्रीज, दुसरी शाखा असे विचार येतात. मोठ्या खरेदीचा निर्णय डिसेंबरात घेऊच नका. तो फेब्रुवारीच्या अखेरीस घ्या, पावसाची तरतूद झाल्यावर.

याच संदर्भात डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून परत बंद पडल्या. फटका फक्त कंपन्यांना बसला नाही. कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, आणि त्या ट्रकांवर चालणारी गॅरेजं, टायरची दुकानं, चहाचे गाडे, खानावळी सगळ्यांचं गिऱ्हाईक एका दिवसात गेलं. त्या दुकानदारांनी काही वाईट काम केलं नव्हतं. त्यांचं सगळं उत्पन्न एकाच दिशेने येत होतं, एवढंच. म्हणून दर सहा महिन्यांनी वहीत बघा: एकाच गिऱ्हाइकाकडून, एकाच हॉटेलकडून किंवा एकाच ॲपवरून तुमची तिसऱ्या हिश्शाहून जास्त विक्री होते का? होत असेल तर पुढच्या सहा महिन्यांचं मुख्य काम दुसरं गिऱ्हाईक शोधणं हे आहे.

६. उधारी

वाड्यावरच्या उधारीला माझा विरोध नाही. ओळखीवर चालणाऱ्या गावात ती राहणारच. फक्त मर्यादा आधी ठरवा आणि तीन गोष्टी पाळा: दिल्याबरोबर लिहायचं, गिऱ्हाइकासमोर लिहायचं, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला न संकोचता आठवण द्यायची. "दादा, पाच तारीख झाली" एवढं म्हणणं पुरतं.

मोठ्या गिऱ्हाइकाची उधारी ही वेगळी गोष्ट. हॉटेलला भाजी, मसाला, युनिफॉर्म, लाँड्रीची सेवा पुरवणाऱ्यांचे पैसे तीन-तीन महिने अडकतात आणि पुढची ऑर्डर जाईल या भीतीने ते तोंड उघडत नाहीत. कायदा तुमच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही बदल झालाय. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे मोठ्या हॉटेलांचे अकाउंट्सवाले हल्ली बिलावरचा उद्यम नंबर, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, आवर्जून बघतात.

हा हक्क मिळायला उद्यम नोंदणी हवी. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना हे संरक्षण मिळतं. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण उशिरा मिळालेल्या पैशांवरचा हा हक्क त्यांना लागू होत नाही. प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि पैसे देण्याची तारीख छापा. मुदत टळली की आधी फोन, मग लेखी स्मरणपत्र, आणि अगदीच ऐकलं नाही तर थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार.

७. माणसं

तारापूरच्या अभ्यासातली मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. उद्योग किती मोठा होतो हे मालक किती हुशार यावर फारसं ठरत नव्हतं, कुटुंबात पुरुष किती यावर ठरत होतं. भाऊ दोन, तर कारखाने दोन. कारण बाहेरच्या माणसावर मालकाचा विश्वास नव्हता. आपल्याकडेही हेच आहे. गल्ल्यावर बसायचं तर घरचंच माणूस हवं, आणि घरचं माणूस जहाजावर किंवा परदेशात गेलं की दुकान बंद.

विश्वास एका दिवसात बसत नाही, पण त्याच्या पायऱ्या बांधता येतात. पहिल्या महिन्यात कामगाराला माल मोजायला द्या आणि वहीत त्याच्या हाताने लिहू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सकाळचं दुकान त्याला उघडू द्या. मग संध्याकाळचा दोन तासांचा गल्ला द्या. रात्रीची वही नीट असेल तर हे शक्य होतं, कारण फरक त्याच रात्री कळतो आणि संशय घ्यायची वेळ येत नाही. दुकान कसं उघडायचं, माल कसा लावायचा, गिऱ्हाईक चिडलं तर काय करायचं, हे एका कागदावर सोप्या शब्दांत लिहून भिंतीला लावा. आपल्याकडे बरेच कामगार कर्नाटक, उत्तर प्रदेश, ओडिशातून येतात. मराठी-कोंकणी वाचता येत नसेल तर हिंदीत लिहा, चित्रं काढा.

पगाराची तारीख चुकवू नका, आणि पगार बँकेतून द्या. ऑफ सीझनला कामावरून काढून ऑक्टोबरात नवीन माणूस शोधण्यापेक्षा पावसात अर्ध्या वेळेवर का होईना ठेवणं बहुतेकदा स्वस्त पडतं, कारण नव्याला शिकवण्यात सीझनचा पहिला महिना जातो. दहा कामगार झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आणि वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, हे वाढण्याआधी ध्यानात ठेवा.

मग महिन्यातून एक अख्खा दिवस दुकानात जाऊ नका. फोनही करू नका. दुसऱ्या दिवशी वही बघा. काय अडलं ते तिथे दिसेल, आणि पुढच्या महिन्यात शिकवायचं तेच.

८. कागदपत्रं आणि कर्ज

हे थोडक्यात. पंचायत किंवा पालिकेचा परवाना, दुकान असेल तर दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी, खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी, पर्यटकांना खोल्या देत असाल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी. जीएसटीची नोंदणी गोव्यात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांनंतर आणि सेवेला २० लाखांनंतर लागते. पण सीमेवरच्या लोकांनी एक लक्षात ठेवा. पेडणे-डिचोलीहून बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीला माल विकून पाठवलात, तर ती राज्याबाहेरची विक्री होते आणि हस्तकलेसारखे काही अपवाद सोडले तर विक्री कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. किराणा दुकानासारख्या छोट्या व्यापाराला कंपोझिशन योजना, म्हणजे एकूण विक्रीवर ठरावीक कमी टक्के कर भरायची सोय, बरी पडते, मात्र तिच्यात राज्याबाहेर माल पाठवता येत नाही.

कर्जासाठी मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर आणि १० लाखांपर्यंत तरुण असे टप्पे आहेत. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत मिळू शकतं. गोव्यात मुख्यमंत्री रोजगार योजना आर्थिक विकास महामंडळामार्फत, म्हणजे पणजीच्या ईडीसीतून चालते. बँकेत जाताना सहा महिन्यांची रोजमेळाची, म्हणजे रात्री लिहिलेली वही आणि वर सांगितलेला बारा महिन्यांचा कागद बरोबर न्या. हप्ता ठरवताना पावसाचे महिने मंदीचे असतात हे मॅनेजरला आकड्यांनिशी दाखवा आणि त्यानुसार हप्ते लावून मागा. नुसतं तोंडी सांगणाऱ्यापेक्षा कागद दाखवणाऱ्याचं ऐकलं जातं.

९. महिन्यातून एक बैठक

महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडीदार आणि असेल तर मुख्य कामगार यांना घेऊन तासभर बसा. विक्री किती, प्रत्यक्ष नफा किती, येणं किती बाकी, पावसाच्या खात्यात किती जमले, एवढे आकडे मोठ्याने वाचा. मग ठरवा की पुढच्या महिन्यात कुठली एक गोष्ट बदलायची. एकच. कोण करणार आणि कधीपर्यंत, ते लिहा. घराबाहेरचं एक माणूसही शोधून ठेवा, ज्याला आकडे दाखवायला संकोच वाटत नाही: तुमचा सीए, निवृत्त बँकवाला, दुसऱ्या गावातला तुमच्याच धंद्यातला कुणी. गोव्यात व्यापाऱ्यांच्या संघटना जुन्या आहेत, गोवा चेंबर ऑफ कॉमर्स तर १९०८ पासूनची. त्यांच्या शिबिरांना जा. तिथे भेटणाऱ्या माणसांसाठी जा.

तारापूरच्या त्याच कारखान्यांत संशोधक सुमारे आठ वर्षांनी परत गेले, तेव्हा शिकवलेल्यातल्या जवळपास निम्म्या सवयी सुटल्या होत्या. कारणं साधी होती: शिकलेला मॅनेजर सोडून गेला, किंवा मालकाला वेळ उरला नाही. तुमच्याकडे हे ज्या आठवड्यात होईल तो आजच सांगता येतो. नाताळ ते नवं वर्ष. रात्री अकराला शटर ओढल्यावर वही उघडायचं त्राण उरणार नाही. तेव्हा नोव्हेंबरच्या बैठकीतच ठरवून ठेवा की २० डिसेंबर ते ५ जानेवारी वही कोण लिहिणार. त्या माणसाला महिनाभर आधी शिकवा, आणि त्या दिवसांचे जादा पैसे द्या.